फाशी मिळाली, जात निसटली

हा लेख लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या महाविद्यालयातील एका वक्तृत्व स्पर्धेचे. विषय होता 'माझा आदर्श'. परीक्षक म्हणून मी बसलो होतो. बाबासाहेब, सावित्रीबाई, अब्दुल कलाम ही नावे अपेक्षेप्रमाणे आली. मग बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "माझा आदर्श उज्ज्वल निकम. मला त्यांच्यासारखी सरकारी वकील व्हायचे आहे. म्हणजे आपल्या लोकांवर अन्याय करणारा एकही सुटणार नाही." मुलगी आपल्याच वस्तीतली. बाप कोळसा खाणीत कंत्राटावर. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परंतु भद्रावतीच्या रस्त्याने घरी परतताना ते वाक्य माझा पिच्छा सोडीना. 'आपल्या लोकांवर' आणि 'सरकारी वकील' हे दोन शब्द तिने इतक्या सहजपणे एका वाक्यात बसवले होते! ते तसे बसतात काय, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी मराठीचा शिक्षक आहे, कायद्याचा पदवीधर नव्हे. तरीही या विषयाला हात घालतो आहे, कारण सरकारी वकील ही आज केवळ न्यायालयातील एक व्यक्ती राहिलेली नाही, ती एक प्रतिमा झाली आहे. प्रतिमांची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे. एकट्या पराक्रमी नायकाकडे संशयाने पाहायला आपल्या समीक्षेने आपल्याला शिकवले. तो नायक ज्या व्यवस्थेतून येतो, तिला तो किती धक्का लावतो, असे आपण कथा-कादंबरीला विचारले. न्यायालयाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर उभ्या असलेल्या नायकाला तो प्रश्न आपण विचारलेला नाही.

प्रथम पदाविषयी. सत्र न्यायालयातील प्रत्येक खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. गुन्हा माझ्या बापावर घडला तरी खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असा उभा राहतो. माझा बाप त्यात पक्षकार नसतो, साक्षीदार असतो. त्याने स्वतःचा वकील दिला तरी तो वकील सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच वागू शकतो. गाजलेल्या खटल्यांसाठी शासन 'विशेष सरकारी वकील' नेमते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कायद्याच्या दृष्टीने हा माणूस सूड घेणारा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, खरे काय घडले याची पर्वा न करता आरोपीला कसेही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूचा पुरावाही न्यायालयापुढे आणणे हे त्याचेच काम आहे.

आता प्रतिमेविषयी. जळगावहून आलेल्या निकमांनी १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला वर्षानुवर्षे चालवला. पुढे गुलशनकुमार हत्या, प्रमोद महाजन हत्या आणि २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर कसाबचा खटला त्यांच्याकडे आला. २०१६ साली पद्मश्री, २०२४ साली उत्तर-मध्य मुंबईतून भारतीय जनता पक्षाची लोकसभेची उमेदवारी आणि वर्षा गायकवाड यांच्याकडून पराभव, २०२५ साली राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्यत्व असा हा प्रवास आहे. त्यांच्या कष्टांविषयी आणि कायद्याच्या जाणकारीविषयी मला शंका घ्यायची नाही. व्यक्ती हा माझा विषयच नाही. महाराष्ट्रात कोठेही अत्याचार झाला की मोर्च्यातून पहिली मागणी येते, "निकमांना वकील द्या." या मागणीत आपला भाबडेपणा किती आणि आपली हतबलता किती, हे मला तपासायचे आहे. तपासण्याची जागा दूर नाही. ती आपल्याच विदर्भात आहे. खैरलांजी.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी सुरेखाबाई भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. मी तेव्हा शाळेत होतो. त्या नोव्हेंबरात विदर्भ पेटला, तेव्हा आमच्या वस्तीतील माणसे रात्री बुद्धविहारात बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि वाचणारा मध्येच थांबे, हे मला आठवते. तपास सीबीआयकडे गेला. विशेष सरकारी वकील म्हणून निकमांची नेमणूक झाली. वस्तीत समाधान पसरले. आता कुणी सुटत नाही, असे जो तो म्हणू लागला.

निकाल लागला १५ सप्टेंबर २००८ रोजी. अकरा आरोपींपैकी आठ दोषी ठरले, तीन सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. दलितांच्या हत्येसाठी एवढ्या फाशी! अनेकांनी तो विजय मानला. परंतु त्याच निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा या गुन्ह्याला लागू होत नाही असे ठरवले. विनयभंगाचा आरोप टिकला नाही आणि कटाचाही टिकला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली आणि हा गुन्हा जातीतून नव्हे, सूडातून घडला हेच मत कायम ठेवले. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले. सर्वोच्च न्यायालयातील अपिले तेव्हाही प्रलंबित होती.

सूडातून म्हणजे कशातून? ३ सप्टेंबर २००६ रोजी सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. ते शेजारच्या गावचे पोलीस पाटील आणि भोतमांगे कुटुंबाचे नातलग. मारणाऱ्यांची नावे सुरेखाबाईंनी आणि त्यांच्या मुलीने पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या झोपडीवर चालून गेला. न्यायालय म्हणाले की ही साक्षीचा सूड घेण्यासाठी केलेली हत्या आहे. ठीक. पण एका बौद्ध बाईने नाव घेतले, याचा गावाला इतका राग का यावा? गावातील वजनदार माणसाविरुद्ध दुसऱ्या वजनदार माणसाने साक्ष दिली असती, तर त्याचे सारे घर संपवले गेले असते काय? सूड आणि जात या दोन वेगळ्या पेट्या नव्हेत. खालच्या मानलेल्या जातीने साक्ष द्यावी हेच जातिव्यवस्थेला सहन होत नाही. सूडाचे इंधन तेच असते.

हे तुम्हाआम्हाला कळते. न्यायालयाला मात्र ते कळून चालत नाही, ते सिद्ध व्हावे लागते. येथे सरकारी वकिलाचे खरे काम सुरू होते. त्या कुटुंबाचे पक्के घर का झाले नाही, त्यांच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद कसा वाढत गेला, गावातील मोजक्या दलित घरांचे जगणे कसे होते, याविषयी सत्यशोधन समित्यांनी पुष्कळ लिहिले. पण समितीचा अहवाल म्हणजे पुरावा नव्हे. त्यातील एकेक गोष्ट साक्षीदाराच्या तोंडून, कागदाच्या आधाराने आणि उलटतपासणीला तोंड देऊन दप्तरी यावी लागते. खून सिद्ध करण्यासाठी प्रत्यक्षदर्शी पुरतो. जात सिद्ध करण्यासाठी गावाचा पंधरा-वीस वर्षांचा व्यवहार उलगडून दाखवावा लागतो. हे काम वक्तृत्वाचे नाही, ते चिवट आणि कंटाळवाण्या मेहनतीचे आहे.

हे काम होऊ शकते काय, असे कुणी विचारील. त्याला उत्तर चवदार तळ्याच्या दाव्याचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी तो दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी भाषणाने ते उडवून लावले नाही. साक्षीपुरावा, जुने कागद, तळ्याची मालकी यांच्या आधाराने तो वाद जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात रूढीचा दावा कोसळला. तो दिवाणी मामला होता हे खरे. परंतु जातीला कठड्यात उभे करायचे तर ती पुराव्यानेच करावी लागते, हा धडा फौजदारी खटल्यालाही तितकाच लागू आहे.

१५ सप्टेंबर ही तारीख आमच्या जिल्ह्याला आणखी एका कारणाने आठवायला हवी. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. देश या प्रकरणाला 'मथुरा खटला' म्हणून ओळखतो. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले आणि त्या मुलीलाच खोटारडी ठरवले. शासन अपिलात गेले आणि १९७६ साली नागपूरला शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण अंगावर जखमा नव्हत्या. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी पोरीची 'संमती' म्हणजे काय, हे न्यायालयाला दिसले नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. या खटल्यातील सरकारी वकिलाचे नाव आज कुणाला आठवत नाही. नायक नसताना हरलेल्या खटल्याने देशाचा कायदा बदलला. बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला, नायक असताना जिंकलेल्या खटल्यात आपल्या हाती असलेला कायदा लागू झाला नाही. सरकारी वकिलाला महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. 'जिंकणे' कशाला म्हणायचे ते आपण ठरवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की चांगल्या वकिलाने फरक पडतो. १ जानेवारी २०१३ला नेवासे तालुक्यातील सोनई येथे मेहतर समाजाच्या तिघा तरुणांना मारण्यात आले. हा खटला नाशिकला चालला, विशेष सरकारी वकील निकमच होते आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. आता त्याच नगर जिल्ह्यातील खर्डा घ्या. २८ एप्रिल २०१४ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. त्यांत त्याच्या शाळेतील माणसेही होती. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी आरोपी निर्दोष सुटले. सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, त्याच नगरच्या न्यायालयात कोपर्डीच्या मुलीवरील अत्याचार आणि हत्येच्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली. तेथे विशेष सरकारी वकील होते, लाखोंचे मोर्चे होते आणि सरकारचे लक्ष होते. कोपर्डीतील गुन्हा अमानुषच होता. त्या मुलीच्या दुःखाशी मला तुलना मांडायची नाही. मला एवढेच दिसते की ज्या खटल्यावर राज्याची नजर असते, तेथे साक्षीदार टिकतो आणि जेथे नसते, तेथे मास्तरसुद्धा फितूर होतो. मी मास्तर आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो.

प्रतिमेला दुसरी एक बाजू आहे आणि ती आपल्यासाठी अधिक धोक्याची आहे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट साऱ्या देशाने ऐकली आणि देश संतापला. २०१५ साली निकमांनी स्वतःच सांगितले की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूतीची लाट तोडण्यासाठी आपण ती गोष्ट रचली. पुष्कळांनी हे कौतुकाने ऐकले. मला ते ऐकून भीती वाटली. कसाबविरुद्ध पुरावा भक्कम होता, बिर्याणीची गरज नव्हती. जेथे पुरावा भक्कम नसेल तेथे अशी गोष्ट काय करील? कठड्याच्या फिर्यादीच्या बाजूला आपण उभे असतो हे खरे, पण आरोपीच्या बाजूलाही आपलेच लोक उभे असतात. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये प्रा. साईबाबा आणि इतरांना दोषी ठरवले. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. खटल्याला दिलेली मंजुरीच कायदेशीर ठरली नाही आणि पुरावाही टिकला नाही. तोवर त्यांतील एक तरुण आदिवासी आरोपी तुरुंगवासातच मरून गेला होता. आरोपीला कसेही करून शिक्षा झाली पाहिजे असे म्हणणारा सरकारी वकील आपल्याला खैरलांजीत हवासा वाटतो. एटापल्लीच्या पोराला तो परवडत नाही. म्हणून आपली मागणी कठोर वकिलाची असून चालणार नाही, ती प्रामाणिक आणि मेहनती वकिलाची असली पाहिजे.

आता माझ्या घरातील एक गोष्ट सांगतो. मी पाचवीत असताना गावच्या विहिरीवरून भांडण झाले आणि माझ्या बापाला मारले. गुन्हा नोंदला गेला. खटला उभा राहायला चार वर्षे लागली. बाप एस. टी.ने न्यायालयात गेला, मी सोबत होतो. साक्षीच्या दिवशी सकाळी, व्हरांड्यात, सरकारी वकील त्याला पहिल्यांदा भेटले. काखेत दहा फायली होत्या. त्यांनी विचारले, "काय सांगायचे ते पाठ आहे ना?" बाप म्हणाला, "साहेब, पाठ त नाई केलं. जे झालं थे सांगतो." मग हात जोडून म्हणाला, "तुमीच आमचे वकील, आमचं पाहा." ते म्हणाले, "मी तुझा वकील नाही. सरकारचा आहे." ते रागाने बोलले नव्हते. घाईत होते आणि कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होते. पण कठड्यात उभा राहिलेला माझा बाप त्या वाक्यानंतर एकटा होता. दोन शेजारी फितूर झाले. आरोपी सुटले. बापाने त्यानंतर कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. 'सरकार' आणि 'आपण' यांच्यात किती अंतर आहे ते मला त्या व्हरांड्यात कळले. आमच्या घरातील पहिला पदवीधर झाल्यावरही ते अंतर मिटलेले नाही.

आपले बहुतेक खटले असे व्हरांड्यात हरतात. त्यांच्यासाठी पद्मश्री मिळालेला वकील येत नाही, येऊही शकत नाही. खैरलांजीचा खटलासुद्धा मला वाटते भंडाऱ्याच्या फाशीच्या युक्तिवादात नव्हे, २९ सप्टेंबरच्या त्या जामिनात हरला होता. त्या दिवशी सरकार पक्षाने जामिनाविषयी काय म्हटले? साक्षीदार बाईला कुणी कळवले काय? आपल्या मोर्च्यांनी हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. आपण फाशी मागत होतो.

आज कायदा २००६ सालचा राहिलेला नाही. २६ जानेवारी २०१६ पासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात मोठी दुरुस्ती लागू झाली. गंभीर गुन्ह्यात 'जातीच्या कारणावरून' हे सिद्ध करण्याची जुनी अट बदलून, बळी कोणत्या जातीचा आहे हे 'ठाऊक असताना' गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरवले गेले. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जातही ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. ज्या भिंतीवर खैरलांजी आदळली ती भिंत बरीच खाली आली आहे. नव्या कलम १५-अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक कामकाजाची माहिती पीडिताला देणे हे विशेष सरकारी वकिलाचे किंवा शासनाचे कर्तव्य आहे आणि जामिनाच्या वेळी बोलण्याचा पीडिताला हक्क आहे. १९९५च्या नियमांतील चौथा नियम सांगतो की या खटल्यांसाठी जिल्ह्यात वकिलांची नामिका असावी, त्यांच्या कामाचा वर्षातून दोनदा आढावा घ्यावा आणि पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकाऱ्याने नामांकित ज्येष्ठ वकील नेमावा. म्हणजे 'निकम द्या' असे मंत्र्याच्या दारात ओरडण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टेबलावर ठेवायचा एक साधा अर्ज आपल्या हातात आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी आपण हजारोंनी दीक्षाभूमीवर जमतो. माझी चळवळीतील मित्रांना विनंती आहे की त्याच आठवड्यात आपल्यापैकी दहा जणांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जावे आणि तीन प्रश्न लेखी विचारावेत. नामिकेवर कोण आहेत? यंदा आढाव्याच्या बैठका झाल्या काय? जामिनाच्या किती अर्जांची सूचना पीडितांना दिली गेली? प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी साक्षीच्या तारखेला आपल्या माणसासोबत न्यायालयात जाऊन बसावे. कठड्यातील माणसाला मागे वळून पाहिल्यावर चार ओळखीचे चेहरे दिसले तर तो फितूर व्हायला कचरतो. यासाठी सनद लागत नाही.

ती मुलगी परवा भेटली. कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. मी तिला हे सारे सांगितले, बापाची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, सरकारची वकील झाले तरी आदल्या दिवशी साक्षीदाराला बोलावून, बसवून, त्याचे ऐकून घ्यायला मला कुणाची मनाई आहे काय?"

मनाई कुणाचीच नाही. तिने व्हावे. मोठ्या खटल्यात नाही मिळाले काम तर मोहाडीसारख्या, वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या न्यायालयात जामिनाला विरोध करणारी साधी सहायक सरकारी वकील व्हावे. तेथे कॅमेरे नसतात. पण सुरेखाबाई तेथूनच घरी परतत असतात.